काडीची साखर

यार्डात आरोग्य तपासणी झाली, त्या दिवशी सगळ्यात जास्त साखर निघाली ती काडीची. उपाशीपोटी दोनशे एकेचाळीस. नर्सने आकडा मोठ्याने वाचला आणि रांगेत हशा पिकला. हसण्यासारखंच होतं. त्याच्या मागेपुढे आम्ही उभे होतो, पोटं सुटलेले, जिना चढताना धापा टाकणारे, चहात चार-चार चमचे साखर घालणारे. आणि आजार कुणाला, तर ज्याला पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घ्यावी लागत होती त्या माणसाला. काडी हे नाव त्याला उगाच पडलेलं नव्हतं.

"बाई, दुसऱ्या कुणाचं रक्त माझ्या नावावर गेलं असेल," काडी म्हणाला.

नर्सने दुसऱ्या बोटाला सुई टोचली. दोनशे अडतीस.

"तीनने उतरली," त्याच्याच टोळीतला दाढीवाला म्हणाला. "अजून आठ बोटं आहेत. टोचत राहा."

काडीही हसला. पुढची दोन वर्षं त्याच्या जिवाची जी चिडचिड झाली ती मी जवळून पाहिली, म्हणून तो हसला होता हे आवर्जून सांगतो.

मी यार्डातला कारकून. हजेरी, रजा, गणवेश, अर्ज, सगळं माझ्या टेबलावरून जातं. काडी आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. मी टेबलाला चिकटलो आणि तो रुळांवर गेला. आमचं यार्ड मालगाड्यांचं. सतरा रूळ, आणि रुळांच्या मधे खडी. त्या खडीत तण माजतं. माजलं की पाणी तुंबतं, रूळ बदलायच्या जागा दिसत नाहीत, वाळलं की ठिणगीने पेट घेतं. म्हणून वर्षातले आठ महिने सहा जणांची टोळी तणनाशक फवारत फिरते. पाठीवर सोळा लिटरची टाकी, डाव्या हाताने दांडा वर-खाली करायचा, उजव्या हातात नळी. तणनाशक हा शब्द फक्त माझ्या रजिस्टरात. बाकी सगळे त्याला औषध म्हणतात. औषध मारायला गेलाय, औषध संपलंय, औषध उडालं अंगावर.

काडीने बावीस वर्षं औषध मारलं. टाकी जुनी होती, वाकलं की झाकणाच्या कडेने ओघळ मानेवरून पाठीत उतरायचा. शर्ट पाठीला चिकटायचा, उन्हात वाळायचा, परत भिजायचा. हातमोजे वर्षाला एक जोडी. ते मीच सही घेऊन द्यायचो. तिसऱ्या महिन्यात त्यांची बोटं फाटायची आणि फवारणीचे उरलेले पाच महिने तो उघड्या हातांनी कॅनमधून मापात ओतायचा. जेवणाच्या सुट्टीत नळाला पाणी असेल तर हात धुवायचे, नसेल तर पँटला पुसायचे आणि डबा उघडायचा. हे सगळं मला खिडकीतून दिसत होतं. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

तपासणीनंतर त्याला दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, नीट बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सध्या कुठलं औषध घेता?"

"घेत नाही. मारतो."

"कुणाला मारता?"

"तणाला."

बाई हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. गोड किती खाता, दारू पिता का, घरात कुणाला आहे का. तो सगळ्याला नाही म्हणत गेला. शेवटी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "गोड बंद करा. आणि रोज चालायला जा. तीन-चार किलोमीटर पुरे."

"मी चौदा चालतो. पाठीवर टाकी घेऊन. खडीवरून."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. "मग चालू ठेवा."

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा मात्र तो हसला नाही. "काय चालू ठेवू?" एवढंच म्हणाला.

त्याच्या बायकोने घरातून साखरेचा डबाच हद्दपार केला. ती शाळेच्या वाचनालयात काम करायची, शिस्तीची बाई. भात मोजून, फळ अर्धं, चहा कोरा, आणि नवऱ्याबरोबर स्वतःही तेच. सहा महिन्यांत काडीचं वजन चौपन्नवरून एकोणपन्नासवर आलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा जो आकडा असतो, तो मात्र नऊ पूर्णांक चारवरून आठ पूर्णांक नऊवर येऊन हटून बसला. बाईंनी गोळी वाढवली.

खरा वैताग घरचाच होता. काडीचा थोरला भाऊ निवृत्त बस ड्रायव्हर. वजन अठ्ठ्याण्णव किलो, रोज संध्याकाळी बेकरीत हजेरी, आणि साखर एकोणनव्वद. तो रिपोर्ट घडी घालून पाकिटात ठेवायचा आणि कुणालाही काढून दाखवायचा. एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना तो म्हणाला, "आपल्या घरात कुणाला नाही बाबा. वडील एक्याऐंशी वर्षं जगले, गोड खाऊन जगले. आई अजून चहात दोन चमचे घेते. मग तुलाच कुठून आली?"

"मला काय माहीत दादा."

"चोरून खात असशील."

काडी भात कालवत राहिला. त्याची बायको बोलली. "दादा, यांचा डबा मी भरते. आणि पाकिटातला तो कागद आता पुरे झाला."

दादा ओशाळला, पण शब्द गेला तो गेलाच. काडी तीन महिने भावाच्या घरी फिरकला नाही. मला म्हणाला, "ताप आला तर लोक विचारतात, डोकं दुखतंय का. साखर झाली की विचारतात, काय खाल्लंस. जो तो पोलीस. मी काही केलेलं नाही रे. मी कामावर गेलो आणि घरी आलो."

या चिडचिडीतूनच त्याने विचारपूस सुरू केली. आधी स्वतःच्या टोळीत. सहा जणांपैकी चौघांना साखर होती. दाढीवाल्याला होती, बाकीच्यांना हसवणाऱ्यालाच, आणि तो कुणाला सांगत नव्हता. मग काडी रूळ बदलणाऱ्या अकरा जणांकडे गेला. तीही बारीक, चालणारी माणसं, पण औषधाला हात न लावणारी. त्यांच्यात एकालाच होती. हे सगळं त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून माझ्यापुढे ठेवलं.

"हे बघ आणि सांग."

मी पाहिलं. पुठ्ठ्यावर सहाला चार आणि अकराला एक. "डॉक्टरांना दाखव," मी म्हणालो.

बाईंनी तो पुठ्ठा बराच वेळ हातात धरला. या वेळी त्यांनी नीट विचारलं. कुठलं औषध, किती वर्षं, अंगावर सांडतं का, हात कुठे धुता, कपडे कोण धुतं. मग म्हणाल्या, "सतरा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण तुमचा प्रश्न वेडगळ नाही. वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्यांवर अभ्यास झालेत. काही तणनाशकं जास्त वापरणाऱ्यांमध्ये साखरेचा आजार जास्त दिसला. काहींच्या बाबतीत तसं दिसलं नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत यकृतावर, आतड्यातल्या जंतूंवर, इन्सुलिनच्या कामावर परिणाम दिसलेत. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि त्यांना दिलेली मात्रा म्हणजे तुमची टाकी नव्हे."

"म्हणजे मला त्याच्यामुळेच झालं?"

"तसं मी म्हणू शकत नाही."

"मग त्याच्यामुळे नाही झालं?"

"तसंही म्हणू शकत नाही."

"मग तुम्ही काय म्हणू शकता?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "त्यापासून लांब राहा, एवढं म्हणू शकते. सिद्ध व्हायची वाट न बघता."

"ते लिहून द्या," काडी म्हणाला.

त्यांनी दिलं. तीन ओळी होत्या. तणनाशकाशी दीर्घकाळ संपर्क. मधुमेहाशी संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही, मात्र निश्चित सांगता येत नाही. संपर्क टाळावा.

त्याच्यासाठी मी पहिला अर्ज लिहिला तो या कागदाला जोडून. माझ्या नोकरीत मी हजारो अर्ज लिहिले असतील, पण हा मी घरी नेऊन दोनदा सुधारला. पंधरा दिवसांनी परत आला. साहेबांनी डॉक्टरांच्या तीन ओळींतल्या फक्त चार शब्दांखाली लाल रेघ ओढली होती, 'निश्चित सांगता येत नाही'. शेवटच्या ओळीखाली काहीच नव्हतं. बाजूला शेरा होता, आजार कामामुळे झाल्याचा पुरावा जोडावा.

"पुरावा म्हणजे काय आणू?" काडीने मला विचारलं. "टाकी आणू?"

दुसऱ्या अर्जाबरोबर आजाराचा फॉर्म भरावा लागला. तो कॉम्प्युटरवर होता. त्यात एक रकाना, आजार कामामुळे झाला आहे का, आणि पुढे दोनच चौकटी, होय आणि नाही. 'होय' निवडलं की प्रमाणपत्र मागायचं, ते नव्हतं. रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडायचं नाही. काडी माझ्या खुर्चीमागे उभा होता. मी अर्धा तास खटपट केली आणि शेवटी 'नाही'वर टिचकी मारली. पान उघडलं.

"तू लिहिलंस नाही," तो मागून म्हणाला.

"मशीन पुढे जात नव्हतं."

"हो. पण लिहिलंस तू."

मग मी तिसरा अर्ज लिहिला, चौथा लिहिला, पाचवा लिहिला. नवी टाकी द्या, मोजे द्या, कपडे धुवायची सोय करा, निदान दुसरं काम द्या. एकाचं उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. एकाचं आलं की सदर अर्ज चुकीच्या विभागाकडे केलेला आहे, पण बरोबर विभाग कोणता ते लिहिलं नव्हतं. पाचव्याचं उत्तरच आलं नाही. काडीने कॅनवरची सूचना वाचायची ठरवली, तर निम्म्या कॅनांवर कागदच नव्हता, भिजून सुटलेला. एकावर मिळाला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत रबरी मोजे, लांब बाह्या, चेहऱ्यावर ढाल, वापरानंतर आंघोळ, कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे, असं सगळं छापलेलं होतं. ते त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मोजे देणाऱ्या माणसाला.

कपड्यांचं वाचून तो घरी गेला आणि त्याने बायकोला रक्त तपासायला लावलं. ती नको म्हणत होती. बावीस वर्षं त्याचे गणवेश तिने हाताने धुतले होते, एकाच बादलीत. तिची साखर एकशे अठरा निघाली. आजार नाही, पण काठावर, असं बाईंनी सांगितलं. वय आहे, वजन थोडं जास्त आहे, कारणं पुष्कळ असू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका, असंही बजावलं.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, मी नाही काढत निष्कर्ष. पण उद्यापासून तुमचे कपडे घरात यायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो यार्डातल्या नळावर कपडे धुवायला बसला. पाण्याच्या नासाडीबद्दल त्याला समज देण्यात आली. समज मीच टाइप केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी काडी टाकी घेऊन आला आणि मुकादमाच्या खोलीच्या दारात ती ठेवून उभा राहिला. मुकादम भला माणूस, पण वरच्यांना घाबरणारा.

"काडी, आठ नंबरच्या रुळावर जायचंय. दहाला गाडी लागते."

"मी टाकी उचलणार नाही."

"बरं नाही का?"

"बरं नाही हे तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे. आज उचलणार नाही, उद्याही नाही. काय करायचं ते करा."

टोळीतले पाच जण मागे थबकले होते. दाढीवाल्याने आपली टाकी काडीच्या टाकीशेजारी आणून ठेवली. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. त्यांना मी दोष देत नाही.

मुकादमाने काडीला आत घेतलं. रजिस्टर घेऊन मी आधीच आत होतो, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर झालं. त्याने टेबलाचा खालचा खण ओढला. आत रुमालात गुंडाळलेलं इन्सुलिनचं पेन होतं.

"मी नऊ वर्षं औषध मारलंय," मुकादम म्हणाला. "तू लागायच्या आधी. सात वर्षं झाली, रोज सुई घेतो. याच खोलीत, दार लावून."

काडीने विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझ्या आईला होती. मामाला होती. मी काय बोलणार? कुणीही म्हणेल, तुझ्या घराण्यातच आहे. मलाही तेच वाटतं. कधी वाटतं, कधी वाटत नाही."

"माझ्या घराण्यात कुणाला नाही."

"म्हणून तू ओरडू शकतोस."

"ओरडून काय झालं मुकादम? पाच अर्ज दिले. मला कुणी खोटं ठरवलं असतं तरी चाललं असतं. भांडलो असतो. हे लोक मला खोटंही म्हणत नाहीत, खरंही म्हणत नाहीत. मी नुसता विचाराधीन आहे."

मुकादमाने खण बंद केला. मग त्याने एक गोष्ट केली, जी मला वाटतं त्याच्या नोकरीतली सगळ्यात धाडसाची असेल. कामास नकार असं न लिहिता, टाक्या गळक्या असल्यामुळे फवारणी थांबवली, असं त्याने स्वतःच्या सहीने कळवलं. फवारणी थांबली आणि तीन आठवड्यांत सतरा रुळांवर गुडघाभर तण उभं राहिलं. अर्जांना जे जमलं नाही ते तणाला जमलं. साहेब गाडीतून उतरून रूळ बघायला आले.

त्यानंतर जे झालं त्याला जिंकलो म्हणावं की काय म्हणावं, यावर काडीचं आणि माझं अजून एकमत नाही. नव्या टाक्या आल्या, झाकणं घट्ट बसणाऱ्या. मोजे दर महिन्याला मिळायला लागले. कपडे धुवायला खोली बांधली. तिला दार आहे, फरशी आहे, आत तीन नळ आहेत, पाण्याची लाइन अजून जोडलेली नाही. टोळीतल्या सगळ्यांना फवारणीतून काढून दुसरी कामं दिली. काडी गेटवर गेला, गाड्यांचे नंबर लिहायला. आणि फवारणी कंत्राटावर दिली. कंत्राटदाराने तीन बायका आणल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. नव्या टाक्या त्यांच्या पाठीवर आल्या. मोजे मात्र आमच्या माणसांच्या मापाचे होते, त्यांच्या हातात ते फिरायचे, म्हणून त्या काढून ठेवायच्या.

काडीची साखर आता पूर्वीपेक्षा बरी आहे. सरासरी सात पूर्णांक आठ. औषध सुटलं म्हणून, गोळी वाढली म्हणून, की डोक्याचा ताप कमी झाला म्हणून, ते डॉक्टरीणबाईंना सांगता येत नाही. त्यांनी तसं सरळ सांगितलं. दादा म्हणतो, "बघ, गोड सोडल्याचा गुण आला." काडी त्याच्याकडे जातो-येतो, पण जेवायला थांबत नाही.

गेटवर आल्यावर त्याने त्या तीन बायकांना पहिल्याच आठवड्यात विचारलं की तुमची तपासणी कधी झाली. त्यांना कुणी तपासलं नव्हतं. तो माझ्याकडे आला. मी रजिस्टर उघडून दाखवलं. त्या आमच्या कर्मचारी नाहीत, त्यामुळे आमच्या यादीत नाहीत. कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, काम तुमच्या यार्डात आहे, तपासणी तुमची.

मी सहावा अर्ज लिहायला घेतला. काडी म्हणाला, "राहू दे." आणि दुसऱ्या सोमवारी त्याने स्वतःचं साखर मोजायचं यंत्र घरून आणलं. कामाला आत शिरण्याआधी गेटच्या खुर्चीवर एकेकीला बसवलं, बोटाला कापूस लावला, सुई टोचली आणि आकडा वहीत तारखेसकट लिहिला. पहिलीने हात मागे घेतला होता.

"मला कशाला, मी धट्टीकट्टी आहे," ती म्हणाली.

"मीही होतो. म्हणूनच आधीचा आकडा लागतो. माझा आधीचा कुणी घेतलाच नाही, त्यामुळे मला आता काही बोलता येत नाही. तुझा असू दे."

महिन्यातून एकदा हे चालायचं. सात महिने चाललं. मग कुणीतरी वर कळवलं आणि पत्र आलं की गेटवर विनापरवाना वैद्यकीय तपासणी करण्यास सक्त मनाई आहे. त्याची प्रत काडीला देण्यासाठी मीच टाइप केली. देताना मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने पत्र दोनदा वाचलं. "मनाई गेटवर आहे ना?"

"गेटवर."

"समोरच्या टपरीवर नाही?"

"पत्रात टपरीचं काही नाही."

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसहाला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीच्या बाकावर तो बसतो. तिघी उपाशीपोटी येतात, बोट पुढे करतात, मग चहा घेतात. मोजे कुणाच्या हातात आहेत आणि कुणाच्या नाहीत, तेही तो लिहितो. गेल्या महिन्यात मी मुद्दाम थांबून वही पाहिली. गेटवरचे आणि टपरीवरचे मिळून बारा महिन्यांचे, तिघींचेही आकडे ठीक आहेत. मी म्हणालो, चांगलंच आहे की.

"बावीस वर्षांतलं एक झालंय," काडी म्हणाला आणि पुढच्या पानावर रेघा मारायला लागला.